गोड्या पाण्यात पाच मिनिटं

निफाडला पारा पाचावर उतरला त्या रात्री
बागाईतदार द्राक्षांच्या ओळींमधून शेकोट्या पेटवत होते
आणि मी इंदिरानगरात, तिसऱ्या मजल्यावर,
बादलीत कोपर बुडवून बसलो होतो,
तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी बघतात तसा.
सव्वीस हवं होतं. तेवीस होतं.
हेमलताने न बोलता चहाचं आधण ओतलं.

हळकुंडाचा उजवा डोळा गढुळला होता,
दुधाने साय धरावी तसा.
दगडाला अंग घासायचा, थांबायचा, पुन्हा घासायचा.
नाव शर्वरीने ठेवलेलं. आणला तेव्हा
अर्ध्या हळकुंडात आम्हीच पिवळे झालो होतो:
नाशकात समुद्र!
आठवड्याला सोळा लिटर,
पिंपात मीठ ढवळून ढवळून केलेला.

दिवसा मी पिंपळगावच्या पॅकहाऊसात गोडी मोजतो.
एक मणी चिरडायचा, काचेवर थेंब,
रिफ्रॅक्टोमीटरची नळी डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचं.
अठरा. तोडा. सोळा. थांबा अजून.
रात्री तशाच दुसऱ्या नळीतून खारटपणा.
दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये असतात.

माशांचा डॉक्टर काही मला सापडला नाही.
कॅनडा कॉर्नरचा इम्तियाज फोनवर म्हणाला,
"कातडीवर जंत असतील. तुम्हाला दिसायचे नाहीत.
गोड्या पाण्यात घाला. पाच मिनिटं, जास्त नको."
"मरेल ना?"
"पाच मिनिटांत तो नाही मरत. ते मरतात."
नंतरच्या औषधासाठी पंचवटीत गेलो.
जनावरांच्या दुकानातल्या माणसाने गोळी काढता काढता विचारलं,
कुत्र्याचं वजन?
ऐंशी ग्रॅम, म्हणालो.
त्याने गोळीवर तळवा ठेवला
आणि बराच वेळ उचलला नाही.

नळाचं पाणी, म्हणजे गंगापूर धरणाचं,
रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडवलेलं,
वर चिमूटभर खायचा सोडा.
या पाण्यात एक बुडी मारायला
लोक कुठून कुठून येतात या गावात.
हळकुंड आपणहून आला नसता.

सोडला, आणि तो आडवा झाला.
बादलीच्या तळाशी, पिवळ्या पानासारखा.
"बाबा, काढा ना त्याला."
हेमलता मोबाइलवर आकडे वाचत होती. चाळीस सेकंद.
(तीच, जी तीन वर्षं म्हणते आहे
की त्या पेटीच्या जागी वॉशिंग मशीन बसलं असतं.)
एक मिनिट दहा.
मी नुसताच हात घातला पाण्यात, जाळी न घेता.
कल्ला हलत होता. मोजता येईल इतका सावकाश.
दोन.
मग ते दिसायला लागले.
काचेसारखे होते, अंगावर असून नव्हते,
ते गोड्या पाण्याने पांढरे पडले
आणि सुटले, एक, मग तीन, मग मोजता येईनात.
संक्रांत चार दिवसांवर आली होती.
"तीळ," शर्वरी म्हणाली.
कोणी हसलं नाही.
चार. चार वीस.
"बस झालं, काढा आता,"
आणि माझ्याआधी हेमलताचाच हात आत,
बांगड्यांसकट.

सहा दिवस त्याने काही खाल्लं नाही.
कपड्यांच्या निळ्या टबात, हीटरच्या आडोशाला,
भाड्याच्या खोलीत राहावं तसा राहिला.
हेमलता कपडे बादलीत भिजवत होती.

सातव्या दिवशी पॅकहाऊसात फोन वाजला.
शर्वरीचा व्हिडिओ: चिमट्यात शेवाळाची पट्टी.
हळकुंड गढूळ डोळ्याच्या बाजूने येतो, चुकतो,
टबाला धडकतो,
वळून चांगल्या डोळ्याने बघतो
आणि पट्टी अशी ओढतो की चिमटाच निसटतो.

खिशातून नळी काढली, मण्याचा थेंब टाकला.
आकडा लागेना. आत सगळं पांढरंफेक.
मिठाची नळी आणली होती मी.
"किती आली गोडी, साहेब?"
क्रेटवर बसलेली बाई विचारत होती, कात्री हातात.
"थांबा," म्हणालो,
आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.